बोर्डाने 'सेवेशी संबंध नाही' लिहिलं, तरी अपील करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमान अडीच वर्षं काश्मीरमध्ये कुपवाड्याला आर.आर.मध्ये, म्हणजे दहशतवादविरोधी मोहिमांसाठीच्या राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. तिथून पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत आले आणि वर्षाच्या आत झोप उडाली. पीटीएसडीचं (भयंकर अनुभवांनंतर जडणारा मानसिक आजार) निदान झालं आणि २०२२ मध्ये लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली आलेला असताना, निवृत्त होऊन घरी आले. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व दिलं, पण 'सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही' असा शेरा मारला. त्यावरून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, ते पत्र ट्रंकेत पडून दोन वर्षं झाली. आता काही होईल का, असं विचारताय. होईल. मात्र अपील नीट लिहायला हवं.

पलटणीत मी क्लार्क होतो, निवृत्तीनंतर गावाकडच्या बऱ्याच जणांची अपिलं लिहिली. सगळ्यांची चूक एकच. चार पानं त्रासाची वर्णनं लिहितात. अहो, त्रास बोर्डाने मान्यच केलाय, म्हणून तर ३० टक्के दिलेत. वाद एवढाच आहे की तो सुरू कधी झाला आणि तेव्हा माणूस कुठे होता. अपील त्यावरच उभं करा.

बोर्ड बहुधा लिहितं, 'आजार पीस स्टेशनला सुरू झाला'. पण यजमान निवृत्त झाले तेव्हा लागू असलेलं मेडिकल ऑफिसरांसाठीचं २००८ चं गाईड त्यांच्या बाजूचं आहे. लढाईच्या किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेच्या भागात, अति उंचावर, एकाकी पोस्टवर असताना, किंवा भूकंपासारख्या आपत्तीत मृतदेह हाताळल्यावर मानसिक आजार झाला, तर तो सेवेमुळे झाला असं धरायचं. आणि तिथून आल्यावर वर्षभरात सुरू झाला, तर निदान सेवेमुळे वाढला असं तरी मानायचं. तुमचं प्रकरण या वर्षभरातच बसतंय. म्हणून कुपवाड्याहून निघाल्याची तारीख आणि पहिल्यांदा एम.आय. रूममध्ये (पलटणीच्या दवाखान्यात) गेल्याची तारीख, या दोन तारखा अपिलाच्या पहिल्याच परिच्छेदात पाहिजेत.

त्या तारखा कागदावर दाखवा. यजमानांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी दहा रुपये. बोर्डाची पूर्ण कार्यवाही मागा, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म. हॉस्पिटलची केस शीट मागा. आणि एएफएमएसएफ-१० विसरू नका. जवानाला मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवताना कमांडिंग ऑफिसर हा रिपोर्ट भरतात. माणूस आधी कसा होता, बदल कधीपासून दिसला, हे त्यात असतं. मी स्वतः असे रिपोर्ट टाइप केलेत. 'आधी उत्तम सैनिक, अलीकडे गप्प राहतो' असं एक वाक्य अपिलात फार कामाला येतं.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या बोर्डाची. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "झोप येते?" मी उभ्या-उभ्या म्हणालो, "येते, सर." तीन महिने मी रात्री दोनला उठून दाराची कडी तपासत होतो. पण साहेबांपुढे उभं राहिलं की तोंडातून 'ठीक आहे' हेच बाहेर पडतं. केस शीटमध्ये 'झोप समाधानकारक' अशी नोंद झाली आणि पुढे तीच माझ्या आड आली. यजमानांच्या कागदातही असं काही निघालं तर घाबरू नका. तिथे तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. कोणत्या सुट्टीत ते अंगणात झोपायला लागले, फटाके वाजल्यावर मुलाला घेऊन कधी आत पळाले, हे महिना-वर्षासकट लिहा. वर्णन थोडक्यात ठेवा, तारखा सगळ्या द्या.

कायद्याचा आधारही द्या. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं आणि संबंध नाही हे सरकारने सिद्ध करायचं. मे २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणात, मानसिक आजाराच्याच बाबतीत, कारणं न देणाऱ्या बोर्डाच्या मतावर पेन्शन नाकारता येत नाही असं ठरलं. पण २०१९ चा नरसिंग यादव निकाल उलट बाजूचा आहे. मानसिक आजार भरतीच्या वेळी दिसतोच असं नाही, म्हणून नुसत्या गृहीतकावर पेन्शन मिळणार नाही, असं तो सांगतो. समोरचे वकील तोच काढतील. म्हणूनच मी तारखांचा एवढा आग्रह धरतोय.

पहिल्या अपिलाची मुदत सहा महिन्यांची होती, ती गेली. सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि खरं कारण लिहा. या आजारात माणूस सरकारी लिफाफा उघडायलाही धजत नाही. पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं करा. तेही फेटाळलं, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचं मुंबई खंडपीठ आहे. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला चालू राहतं, त्यामुळे निव्वळ उशिरासाठी सहसा बाहेर काढत नाहीत. थकबाकी मात्र साधारण तीनच वर्षं मागची मिळते, हे तरसेम सिंग निकालापासून (२००८) चालत आलंय. म्हणून आणखी थांबू नका.

पैशाचं सांगतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात रक्कम. तुमचे ३० टक्के राउंडिंगने, म्हणजे आकडा वरच्या टप्प्यावर नेण्याच्या नियमाने, ५० होतात, म्हणजे पगाराच्या १५ टक्के. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही हा फायदा २०१४ च्या राम अवतार निकालाने दिला. पण तो अपिलात स्पष्ट शब्दांत मागा, न मागता कोणी देत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक घेऊन जा. मसुदा ते बघतात. एजंटाला टक्केवारी अजिबात देऊ नका.

अपील चालू असताना औषधं सुटू देऊ नका. पुन्हा बोर्ड लागलं तर ईसीएचएसचे (माजी सैनिकांची आरोग्य योजना) ताजे कागद लागतात, पण मुख्य म्हणजे त्यांची तब्येत. रात्री फार अस्वस्थ झाले तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्यांचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये (लष्करी वैद्यकीय महाविद्यालय) सुरू झाला. तुम्ही स्वतःसाठीही करू शकता, ताई.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं की बोर्डाच्या कागदात 'कारणे' या रकान्यापुढे नेमकं काय लिहिलंय ते जसंच्या तसं मला कळवा. अपिलाचा पहिला परिच्छेद आपण मिळून लिहू.