रिकाम्या प्लेट्स आणि काढून घेतलेली वही

प्रश्न : मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने एमएस2 हा जीवाणूंना मारणारा विषाणू घेतला. तीन आठवडे प्लेट्स रिकाम्याच! हे तिला जमणारं नाही म्हणून मी तिची नोंदवही काढून घेतली. चार जनुकांच्या विषाणूत शोधायला उरलंय तरी काय? दुसरी शाखा सुचवा.
– एक पालक

उत्तर : शाखेचं नंतर बघू, आधी वही परत द्या. चूक सापडली तर त्या वहीतच सापडेल. पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही, याची मला जास्त काळजी वाटते. प्रयोग फसला की घरी बोलायचं नाही, एवढंच ती यातून शिकेल. उद्या प्रयोगशाळेतही ती चुका लपवू लागली, तर तिचं फार नुकसान होईल.

‘रिकामी’ म्हणजे नेमकी कशी, हे तिला विचारलंत का? जीवाणूंचा दाट थर आहे, पण त्यात पारदर्शक गोल डाग, म्हणजे प्लाक, नाहीत? मग आधी ई. कोलाय या जीवाणूचा स्ट्रेन, म्हणजे वाण, तपासावा. एमएस2 हा एफ-पिलस या केसासारख्या तंतूला चिकटूनच आत शिरतो. स्ट्रेनमध्ये एफ-प्लास्मिड, म्हणजे हा तंतू बनवायला लावणारी डीएनएची कडी, नसेल, तर कितीही विषाणू ओता, डाग पडणार नाही. कल्चर, म्हणजे वाढवलेले जीवाणू, ताजं, 37 अंशांना वाढवलेलं हवं; थंडीत पिलस तयार होत नाहीत. आणि थरच नसेल तर? वरचा अगार, म्हणजे जीवाणू मिसळून ओततात ती पातळ जेली, 45 अंशांपेक्षा फार गरम असताना ओतला असेल, जीवाणू भाजले. किंवा विषाणू पातळ न करताच घातला, त्याने सगळा थर फस्त केला. तसं असेल तर विषाणू उत्तम आहे! दहा-दहा पटींनी सात-आठ वेळा पातळ करून 30 ते 300 डागांची प्लेट मोजावी.

लहान विषाणू म्हणजे संपलेला विषय, हा गैरसमज मात्र सोडा. एमएस2चा 3569 अक्षरांचा आरएनए 1976 मध्ये वाचला गेला. पूर्ण वाचलेला तो पहिला जीनोम, म्हणजे एखाद्याचा सगळा जनुकीय मजकूर. तरी आजही पाण्याचे फिल्टर विषाणू अडवतात का, हे त्याच्यावर तपासतात. फाय-एक्स 174 हा जीवाणूंना मारणारा दुसरा एक विषाणू डीएनए वाचणाऱ्या यंत्रांची अचूकता पडताळायला वापरतात. निव्वळ फाजवरच्या, म्हणजे अशा जीवाणूमारक विषाणूंवरच्या, नोकऱ्या थोड्या आहेत, हे खरं. पण पातळ करणं, मोजणं, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची प्लेट, लावणं हे हात निदान, लस, पाणीतपासणी सगळीकडे लागतात. पदव्युत्तर प्रवेश परीक्षांचं तिचे शिक्षक सांगतील.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. स्ट्रेनचं नाव, कल्चर किती तासांचं होतं, अगार किती अंशांना ओतला आणि नुसत्या जीवाणूंची कंट्रोल प्लेट कशी दिसली, एवढं त्यात हवं.