लखोट्याची मागची बाजू

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले लखोट्याचे छायाचित्र काल रात्री मी मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. अब्राहम लिंकन यांनी अध्यक्ष असताना स्वतःच्या सहीने पाठवलेले टपाल म्हणून विक्रेत्याने ते मांडले आहे आणि त्यासाठी तू वर्षभराची बचत मोडायला तयार आहेस, हे वाचून तुझ्या ओढीचे मला कौतुक वाटले. तरीही हा लखोटा घेऊ नकोस, असे स्पष्ट सांगतो. त्याची कारणे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या खरेदीच्या वेळी मी तुझ्या शेजारी बसलेला नसेन.

आधी हे ध्यानात घे की लखोट्यावरची ती सही आठवण म्हणून केलेली नसे. अध्यक्ष, मंत्री आणि काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य यांना पत्त्याच्या बाजूवर ‘फ्री’ हा शब्द आणि आपले नाव लिहून पत्र विनाखर्च पाठवण्याची सवलत कायद्याने होती. आपण संग्राहक तिला फ्री फ्रँक म्हणतो. त्या काळात या सवलतीचे मोल फार मोठे होते. १८४५ च्या सुधारणेपूर्वी टपालाचा खर्च पत्रातील कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावा लागे. साऱ्या देशासाठी तिकिटे निघाली ती १८४७ मध्ये. तोवर वेगळा लखोटाही क्वचितच वापरत. पत्राचाच कागद घडी घालून लाखेने बंद करायचा आणि बाहेरच्या बाजूला पत्ता लिहायचा, ही रीत होती. म्हणजे फ्रँक ही टपाल भरल्याच्या जागी केलेली सही होती. तुझ्या छायाचित्रात मात्र सहीच्या शेजारीच तिकीट चिकटवलेले आहे आणि त्यावर शिक्काही आहे. ज्याला पत्र फुकट पाठवता येते, त्याने तिकीट कशासाठी लावले, याचे उत्तर विक्रेत्याकडून आल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे सहीतले पूर्ण नाव. लिंकन नेमणुकांच्या आणि इतर सरकारी दस्तऐवजांवर पूर्ण नाव लिहीत. पत्रांवर आणि फ्रँकवर ते साधारणपणे ‘ए. लिंकन’ एवढेच लिहीत. वॉशिंग्टन यांचे ‘जीओ’ आणि पुढे दोन टिंबे, जेफर्सन यांचे ‘टीएच’ आणि पुढे दोन टिंबे, या लकबीही अशाच ठरलेल्या आहेत. आपल्याकडे मराठेशाहीच्या पत्रांत माथ्यावरची मुद्रा आणि शेवटची मोर्तब यांवरून पत्राची खात्री पटते. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या टपालात तो भार हाताच्या वळणावर असतो, म्हणून एकेका अध्यक्षाच्या पंधरा-वीस निःसंशय सह्या डोळ्यांत मुरेपर्यंत पाहाव्या लागतात. वॉशिंग्टनपासून कूलिजपर्यंत तेवीस अध्यक्षांची कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि ती घरबसल्या पाहता येतात. त्यासाठी एक पैसाही पडत नाही.

लिंकन यांच्या फ्रँकबद्दल एक हकिकत सांगतो, ती मला फार प्रिय आहे. १८३३ ते १८३६ या काळात ते इलिनॉयमधल्या न्यू सेलम या लहानशा गावाचे पोस्टमास्तर होते. पोस्टमास्तरला स्वतःची पत्रे फुकट पाठवता येत, इतरांची नाही. तरीही १८३५ च्या सप्टेंबरात तिथल्या एका रहिवाशाने आपल्या भावाला पत्र लिहिताना त्यातच कळवले की, पोस्टमास्तर लिंकन कचेरी उघडीच टाकून जातात, पण ते माझे चांगले मित्र आहेत, आणि हे पत्र द्यायला जाईन तेव्हा ते जागेवर भेटले तर त्यांच्याकडून फ्रँक करून घेईन. लिंकन भेटले. बाहेरच्या बाजूवर त्यांची सही आणि गावाचे नाव आहे, आतल्या मजकुरात त्या सहीचे कारण आहे. ज्याने कुणी ही सही कापून चिकटवहीत लावली असती, त्याच्या हाती नुसते नाव राहिले असते. एकोणिसाव्या शतकात हजारो पत्रांची अशी कत्तल झाली आहे. कापलेली सही स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नकोस, आणि आपल्या हाताने तर कधीही काही कापू नकोस.

आता माझी चूक सांगतो. संग्राहक म्हणून उमेदवारीच्या काळात मी जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा फ्रँक असलेला एक पत्ता-कागद, म्हणजे पत्राभोवती घडी घातलेला बाहेरचा कागद, घेतला. आतले पत्र कुणीतरी आधीच काढून घेतले होते. शिक्का वॉशिंग्टन शहराचा होता, त्यात महिना आणि तारीख होती, पण वर्ष नव्हते. त्या काळच्या शिक्क्यांत ते सहसा नसेच. विक्रेत्याने अध्यक्षपदाच्या काळातला म्हणून सांगितले आणि मी तशी किंमत मोजली. कागद कोपऱ्यांत अडकवून वहीत ठेवला होता आणि मी तो सोडवून पाहिला नाही. जवळजवळ दीड वर्षाने वही बदलताना तो उलटला, तेव्हा घडीच्या आतल्या पट्टीवर, पत्र ज्याला मिळाले त्याने बारीक अक्षरांत केलेली नोंद दिसली: पाठवणाऱ्याचे नाव आणि १८३८ हे साल. ॲडम्स १८२९ मध्येच अध्यक्षपदावरून उतरले होते. पुढे १८३१ पासून १८४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते आणि ती सही त्या नात्याने केलेली होती. सही अस्सल होती, विकणाऱ्याचा दावा खोटा होता आणि मी मागची बाजू पाहिली नव्हती. त्या दिवसापासून दोन्ही बाजू आणि आतल्या सर्व घड्या पाहिल्याशिवाय मी एकही कागद घेतलेला नाही.

सही, शिक्का, तारीख, पत्ता आणि पोच-नोंद या सर्वांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. अध्यक्ष त्या दिवशी कुठे होते, हे शोध. वॉशिंग्टन यांना १७९७ मध्ये निवृत्तीनंतर तहहयात सवलत मिळाली आणि पुढच्या अध्यक्षांनाही ती मिळत गेली. त्यामुळे जेफर्सन यांच्या माँटिचेलो या घराहून निघालेल्या पत्रांवर जवळच्या मिल्टन किंवा शार्लट्सव्हिलचा शिक्का असतो, मॅडिसन यांच्या पत्रांवर ऑरेंज कोर्ट हाउसचा. शिवाय या मंडळींना आलेली पत्रेही फुकट पोचत. पत्त्यात जेफर्सन यांचे नाव आणि कोपऱ्यात ‘फ्री’ एवढे पाहून नवखा माणूस तो फ्रँक समजतो. प्रत्यक्षात ते नाव पत्र पाठवणाऱ्याने लिहिलेले असते.

शाईकडे भिंगातून पाहा. मायफळ आणि हिराकस यांची जुनी शाई कागदात उतरते आणि काळाबरोबर तपकिरी होते, परंतु तपकिरी रंग आज कुणालाही करता येतो आणि जुना कोरा कागदही मिळतो. जोसेफ कोझी या नामांकित बनावटकाराने लिंकन यांच्या सह्या अशाच कागदांवर केल्या. म्हणून रेघ जिथे घडीला ओलांडते तिथे थांब. घडी झिजून तंतू मोकळे झाल्यानंतर कुणी लिहिले असेल, तर शाई त्या फटीत पसरलेली दिसते, आणि असे लिखाण घडी पडून जुनी झाल्यावरचे असते.

१८७३ मध्ये काँग्रेसने ही सवलत काढून घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या अध्यक्षांची सही बहुतेक वेळा लखोट्यावर मिळत नाही, आतल्या पत्रावर मिळते. तिथे धोके वेगळे आहेत. केनेडी यांच्या काळात सही करणारे ऑटोपेन यंत्र आणि चिटणीस मिळून इतकी पत्रे हातावेगळी करत की, अस्सल सही हाच अपवाद मानून चालावे. पत्रशीर्षही वाच: १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी ‘व्हाइट हाउस’ असा बदल करेपर्यंत तिथे ‘एक्झिक्युटिव्ह मॅन्शन’ असे छापले जाई.

पहिली खरेदी म्हणून ल्युक्रिशिया गारफिल्ड यांचा फ्रँक घे, असे मी सुचवतो. १८८१ मध्ये पतीची हत्या झाल्यावर काँग्रेसने त्यांना विनाखर्च टपालाची सवलत दिली आणि १९१८ पर्यंतच्या दीर्घ वैधव्यात त्यांनी पुष्कळ लखोट्यांवर स्वतः सही केली. ते तुझ्या ऐपतीत बसतील, आणि सही, शिक्का व पत्ता जुळवण्याचा सराव त्यांवर उत्तम होईल. एखादा आवडला तर पैसे पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि उघडलेल्या आतल्या बाजूची छायाचित्रे विक्रेत्याकडून मागव, आणि ती मलाही पाठव.

तुझा हितचिंतक