मांदार: ‘प्रजाती’ नव्हे, वाण

पांढऱ्या फुलांच्या रुईला, म्हणजे मांदाराला, रुईची ‘उपप्रजाती’ म्हणावे की ‘वाण’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. त्यातली ‘प्रजाती’ आधी बाजूला ठेवावी. मराठी विश्वकोशातील वनस्पतींच्या नोंदींत प्रजाती ही वर्गीकरणातली जातीच्या वरची पायरी आहे आणि एका प्रजातीत अनेक जाती असतात. हिंदीतला अर्थ उचलून वर्तमानपत्रे रोज ‘दुर्मीळ प्रजाती’ छापतात, तेव्हा ही पायरीच नाहीशी होते.

वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ साली रुईच्या ज्या जातीला ‘जायगँशिया’ म्हटले, तिच्यातच जांभळी व पांढरी अशी दोन्ही झाडे येतात. दोन्हींची फुले तळहातावर ठेवून पाहिली, तर मधला पाच कंगोऱ्यांचा मुकुट तोच असतो, पसरलेल्या पाकळ्या त्याच असतात आणि देठ तोडल्यावर येणारा चीकही तोच असतो. वेगळी जात आहे ती लहान रुई. तिच्या पाकळ्या उभ्या राहतात व टोकाशी जांभळ्या असतात. नुसत्या रंगाच्या फरकावर उपजाती, म्हणजे वाचकाची ‘उपप्रजाती’, ठरवू नये. त्यासाठी ‘रूप’ ही खालची पायरी पुरेशी आहे.

आता वाण. संक्रांतीचे वाण आणि वाणसामान हे शब्द वेगळे, ते येथे नकोत. आपला वाण ‘वर्ण’ शब्दातून आला असून त्याचा मूळ अर्थ रंग असा आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत ढवळा बैल पांढरा आणि पवळा पोवळ्यासारखा तांबूस आहे; तेथे वाणाचा दुसरा अर्थ लावून पाहावा, म्हणीत काही उरत नाही. कर्णाचा कान, पर्णाचे पान, सुवर्णाचे सोने झाले, मग वर्णाचा ‘वान’ व्हायला हवा होता, असा आक्षेप काही जाणकार घेतात. नियम त्यांनी बरोबर सांगितला, पण बोलीकडे त्यांचे लक्ष नाही. ‘वर्ण’ हा तत्सम शब्द शेजारी सतत वापरात राहिला, म्हणून त्याच्या ओढीने ‘ण’ टिकला, असे माझे ठाम मत आहे. बियाणे निवडणाऱ्याला दाण्याचा रंग सर्वांत आधी दिसतो. त्यातूनच रंगाचा शब्द प्रकाराचा झाला असावा.

कृषिशास्त्राने वाण हा शब्द लागवडीच्या पिकांपुरता बांधून घेतला आहे आणि रानातल्या झाडाला तो लावू नये, असे तेथील मंडळी बजावतात. मला ते मान्य नाही. जिथे फरक केवळ वर्णाचा आहे, तिथे या शब्दाचा हक्क पहिला आहे. शास्त्रातली पायरी ‘रूप’ राहो, मांदाराच्या झाडावरच्या पाटीवर ‘रुई, पांढरा वाण’ असे लिहावे.