चाचणीचा आकडा आणि घरची अहिराणी

प्रश्न : माझा मुलगा पारोळा तालुक्यातील आमच्या गावी चौथीत शिकतो. तोंडी हिशेब झटपट करतो. वाचताना मात्र अडखळतो आणि लिहिताना अक्षरे गाळतो. गुरुजींनी जळगावला नेऊन बुद्ध्यांक चाचणी करायला सांगितली आहे. आकडा कमी निघाला तर पोरावर ‘येडा’ असा शिक्का बसेल, अशी घरच्यांना धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर : चाचणी अवश्य करावी, परंतु त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, फळ्यावरचे नीट दिसत नसल्यामुळे मागे पडलेली मुले कमी नसतात. आपण केलेल्या वर्णनावरून शंका बुद्धीची नसून वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचणे-लिहिणे अवघड जाण्याची, वाटते. तिची नोंद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि तिचे निदान केवळ बुद्ध्यांकावरून होत नाही. वाचन, लेखन व गणिताच्या स्वतंत्र चाचण्या घ्याव्या लागतात. म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडेच जावे.

आता भाषेविषयी, कारण आपल्या भागात खरी गफलत तेथेच होते. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीच्या आधारे धारवाडच्या डॉ. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नवी कसोटी बसवली, ती नुसत्या भाषांतराने भागत नाही म्हणूनच. आपल्या घरी अहिराणी बोलत असतील, तर तपासनिसांना ते आधीच सांगावे. गाय आणि म्हैस यांत सारखे काय, असे विचारल्यावर मूल ‘दोन्ही ढोरं शेतस’ (दोन्ही गुरे आहेत) म्हणाले, तर दोन्ही एकाच गटातली आहेत हे त्याला कळले आहे. पुस्तकी ‘प्राणी’ हा शब्द आला नाही म्हणून गुण कापणे हा तपासणाऱ्याचा दोष होय. शब्दांवर न विसंबणारे, ठोकळे व आकृत्यांचे भागही घेणार का, हे विचारावे.

आकड्याविषयी एवढेच की बहुतेक कसोट्यांत सरासरी १०० धरतात आणि सुमारे दोनतृतीयांश मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात; ९२ आणि ९६ यांत फरक शोधत बसू नये. अहवालाची लेखी प्रत मागावी, आणि तो गावभर दाखवू नये.

मुलाला ‘परीक्षा आहे’ असे सांगू नका. पहाटेच्या एसटीने अर्धवट झोपेत, उपाशी पोटी नेलेले मूल दुपारी कंटाळते आणि त्याचे गुण घसरतात. शक्य झाल्यास आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे.