सही करू नकोस, भो

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. आधी एक सांगतो, त्यात तू आकडे टाकले नाहीस, फोटो टाकला नाहीस ते बरं केलंस, पण यापुढे या कामाबद्दल फोनवर एवढंसुद्धा लिहायचं नाही. घरी आलास की बोलू. क्षेपणास्त्रांचं मी पण इथे तेवढंच लिहितोय जे पेपरात छापून आलंय.

पाण्याखालून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राच्या टेस्टमध्ये एक सेन्सर बाकीच्यांपेक्षा वेगळं दाखवतोय, आलेखात एक उंचवटा येतोय, वरचे म्हणतात नॉइज आहे, सिग्नलमधली नुसती खरखर, रिव्ह्यू डोक्यावर आलाय, सही करून मोकळा हो. आणि तू मला विचारतोस, काका करू का? नाही करायची. स्वतः पाहिल्याशिवाय सही नाही.

अरे भो, तुझे वडील बोअरमध्ये मोटर सोडतात तेव्हा काय करतात ते लहानपणापासून बघतोयस ना. यावलकडे पाणी किती खोल गेलंय ते मी तुला सांगायला नको. केबलच्या जॉइंटला टेप मारून झाली की आधी तो बादलीतल्या पाण्यात बुडवून चेक करतात, मगच एकेक पाइप जोडत मोटर खाली, कारण एकदा का खाली गेली की काढायला चेनपुली लावा, माणसं बोलवा, अख्खा दिवस जातो आणि तोवर केळी वाळते. त्यांना कोणी म्हटलं की राहू दे, मागच्या साली असाच जॉइंट चालला होता, तर ऐकतील का ते? मग तू का ऐकतोस?

आणि इथे खाली मोटर नाही, माणसं असतात. पाणबुडीत शंभराच्या आसपास माणसं आणि त्यांच्या शेजारच्या नळ्यांमध्ये टनावारी घन इंधन. गॅसच्या दाबाने क्षेपणास्त्र नळीतून वर ढकलायचं, ते पाणी कापत बाहेर यायचं आणि मग त्याची रॉकेट मोटर पेटायची, हा सगळा खेळ काही सेकंदांचा. त्यात जमिनीवरचा अनुभव किती पुरतो ते अमेरिकेला विचार. ट्रायडंट-टू हे त्यांचं पाणबुडीतलं क्षेपणास्त्र आधी जमिनीवरच्या पॅडवरून बऱ्याच वेळा उडवलं होतं. २१ मार्च १९८९ ला फ्लोरिडाजवळ यूएसएस टेनेसी पाणबुडीतून पहिल्यांदा पाण्याखालून सोडलं आणि वर आल्या आल्या ते गरगरत सुटलं, गेलं. कारण काय, तर मागून येणारा पाण्याचा लोट अंदाजापेक्षा उंच उठला आणि मोटर पेटताना नोझलमध्ये, म्हणजे आग बाहेर पडते त्या तोंडात, पाणी होतं. पॅडवर पाणी नव्हतंच, तर तिथे दिसणार कुठून? पुढे दुरुस्ती झाली, आज ते अतिशय भरवशाचं मानतात, तरी जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या एचएमएस व्हॅनगार्डमधून सोडलेलं ट्रायडंट समुद्रात पडलंच, आणि त्यांचे संरक्षणमंत्री पाणबुडीवर होते. म्हणून म्हणतो, मागच्या वेळी चाललं हा पुरावा नाही. स्वतः पाहिल्याशिवाय सही नाही.

आपल्याकडे लोक उशीर झाला, उशीर झाला म्हणून ओरडतात त्याचा मला राग येतो. आपलं पाणबुडीतलं क्षेपणास्त्र के-फोर मार्च २०१४ मध्ये विशाखापट्टणमजवळ पाण्यात बुडवलेल्या पाँटूनवरून, म्हणजे माणसं नसलेल्या चाचणीच्या तराफ्यावरून उडालं आणि आयएनएस अरिघात पाणबुडीतून उडायला नोव्हेंबर २०२४ उजाडलं. साडेतीन हजार किलोमीटर जाणारी वस्तू आहे ती, आणि पाँटून असतो कशासाठी? काही बिघडायचंच असेल तर तिथे बिघडू दे, आत माणसं असताना नको. एवढी वर्षं कोणीतरी तुझ्यासारखंच अडून बसलं असेल, त्याचं नाव कुठल्याच बातमीत नाही.

माझंही ऐक. आमच्या वेळी क्षेपणास्त्राच्या एका मोटरच्या एक्स-रे फिल्मवर इंधन आणि आतलं अस्तर चिकटतात तिथे केसाएवढी काळी रेघ दिसली. सगळे म्हणाले फिल्मवरचा ओरखडा आहे. मी म्हटलं असेल, दुसऱ्या कोनातून परत काढा. मोटर परत उचलून लावायची, तारीख पुढे जायची, साहेब भडकले. परत काढली तर रेघ नाही, ओरखडाच होता. त्यानंतर मला त्या कामावरून हळूच बाजूला केलं, आणि ते क्षेपणास्त्र पाण्याखालून उडालं तेव्हा मी भुसावळला घरी टीव्हीसमोर होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, आजही वाटतं. सोबतचे भेटले की अजून म्हणतात, तू उगाच अडलास, बघ ना काहीच निघालं नाही. पण काही नाही हे कळलं कसं? दुसरी फिल्म काढली म्हणूनच ना! आज तीच फिल्म समोर आली तरी मी तेच करेन. माझे मामा वरणगावच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते, गेजमध्ये बसलं नाही ते काडतूस बाजूला, साहेब समोर उभा असला तरी. आमच्या घरात हे असंच आहे.

पुण्याच्या ऑफरचं म्हणशील तर पॅकेज चांगलं आहे, घरचं कर्ज मला माहीत आहे, जायचं असेल तर जा, मी आडवा येणार नाही. पण हा कागद अर्धवट टाकून नाही जायचं. आणि मी एकटा काय करणार हे मला परत ऐकवू नकोस, सही तुझी एकट्याचीच मागतायत ना ते?

सोमवारी रिव्ह्यूच्या आधी लेखी दे. जास्त शहाणपण नको, कोणावर आरोप नको, चार ओळी पुरे. त्या सेन्सरची आणि शेजारच्या सेन्सरची जागा अदलाबदल करून, केबल बदलून तीच टेस्ट परत घ्यावी. तो उंचवटा सेन्सरबरोबर दुसरीकडे गेला तर सेन्सर खराब, केबल बदलल्यावर गेला तर केबल, आणि तिथल्या तिथेच राहिला तर तो खरा असायची शक्यता मोठी, मग सगळ्यांना बसावंच लागेल. खाली तारीख टाक, आवक नंबर घे, आणि कागद फाइलला लागला का ते दुसऱ्या दिवशी जाऊन बघ.