मी अलिबागला राहते. मुलगी ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला एमएसला चालली आहे. नातेवाईक तिथल्या वादळांत छपरं उडतानाचे व्हिडिओ पाठवतात. तिथल्या हरिकेन (चक्रीवादळ) सीझनसाठी तिने काय तयारी करावी?

तुम्ही अलिबागच्या आहात असं प्रश्नात लिहिलंय, त्यामुळे माझं अर्धं काम सोपं झालं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं, काही तासांत पुढे गेलं. पण रायगडातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. ह्यूस्टनमध्येही तसंच. नातेवाइकांनी तुम्हाला पाठवलेल्या व्हिडिओंत छपरं उडताना दिसतात. विद्यार्थ्यांचे हाल मात्र वाऱ्यापेक्षा साचलेल्या पाण्याने आणि त्यानंतरच्या बिनविजेच्या दिवसांनी होतात. मी इथे बरीच वर्षं राहतो आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींना घर शोधायला मदत करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्हीवर 'कॅटेगरी'चा आकडा दाखवतात, त्यावरून अंदाज बांधू नका. तो आकडा फक्त वाऱ्याच्या वेगाचा असतो. जुलै २०२४ मधलं 'बेरिल' होतं कॅटेगरी १, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. तरी ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवडाभर आली नाही, आणि तीही टेक्सासच्या जुलैच्या उकाड्यात. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये 'हार्वी' दूर नैर्ऋत्येला रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आलं. ह्यूस्टनवर बरसलं तेव्हा त्याला हरिकेनही म्हणत नव्हते. पण ते हललंच नाही, आणि चार-पाच दिवसांत काही भागांत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ह्यूस्टन विद्यापीठातले दोनशेच्या आसपास भारतीय विद्यार्थी पाण्याने वेढले गेले होते. तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या सुषमा स्वराज यांनीच ते ट्विटरवर कळवलं होतं.

म्हणून खरी तयारी घर निवडताना करायची. मुलं भाडं आणि बसस्टॉप बघतात, पाणी कुठवर येतं ते कोणी विचारत नाही. हे शहर सपाट आहे आणि त्यातून बायू नावाचे संथ ओढे वाहतात. ब्रेझ बायू त्यातला एक, तो ह्यूस्टन विद्यापीठाजवळूनच जातो. हॅरिस काउंटीच्या (ह्यूस्टनचा जिल्हा) पूरनियंत्रण विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की ती जागा पूरक्षेत्रात आहे का ते दिसतं. लीजवर (भाडेकरारावर) सही करण्याआधी तिने हे बघावं आणि शक्य असेल तर वरचा मजला घ्यावा. इथे 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे तळमजला, हे भारतातून घर बुक करताना हमखास निसटतं. आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूला 'हार्वीत पाणी आलं होतं का?' असं थेट विचारलेलं उत्तम. एजंट गोड बोलेल, शेजारी खरं सांगेल.

पुढचं काम विम्याचं, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. अपार्टमेंटवाले जो रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूचा विमा) घ्यायला लावतात, त्यात पुराचं नुकसान सहसा धरत नाहीत. सरकारी पूरविमा वेगळा मिळतो. भाडेकरूला फक्त सामानापुरता घेता येतो, पण तो सुरू व्हायला साधारण ३० दिवस लागतात. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे ऑगस्टच्या मध्यात विमा घेतला तरी कळस विम्याविनाच जाणार. आणखी पुढे ढकलला तर त्या मोसमात त्याचा फारसा उपयोग नाही. जुनी गाडी घेतली तर मुलं पैसे वाचवायला नुसता लायबिलिटी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) काढतात. त्यात बुडालेल्या गाडीचा एक डॉलरही मिळत नाही, त्यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतो. वादळ मेक्सिकोच्या आखातात आलं की कंपन्या नवीन पॉलिसी देणं थांबवतात.

आता स्वयंपाकघर. इथल्या बऱ्याच अपार्टमेंटमध्ये विजेची शेगडी असते, म्हणजे वीज गेली की मॅगीसुद्धा होत नाही. याद्या देणारे डबाबंद बीन्स सांगतात, ते असू देत. पण मराठी मुलीला मी पोहे सांगेन. पातळ पोहे, दाणे, कांदा, लिंबू, मीठ-साखर: दडपे पोह्यांना जाळ लागत नाही. भाजणीचा उपयोग नाही, ती थापायला तवा लागतो. चिवडा, खाकरे, गूळपोळ्या, राजगिऱ्याच्या वड्या चालतील. हिलक्रॉफ्टच्या महात्मा गांधी डिस्ट्रिक्टमध्ये हे सगळं मिळतं, तेव्हा बॅगेतलं वजन त्यावर घालवू नका. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, निदान तीन दिवसांचं. वादळाच्या आदल्या रात्री बाथटब भरून ठेवायचा, फ्लशसाठी. टॉर्च, पॉवर बँक आणि थोडी रोकड, कारण वीज नसली की कार्ड चालत नाही. कोळशाचं बार्बेक्यू घरात पेटवायचं नाही, हे तिच्या रूममेट्सनाही सांगायला सांगा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने माणसं दगावतात.

शहर सोडून पळायचं का? बहुधा नाही. २००५ मध्ये 'रीटा'च्या वेळी लाखो लोक एकदम हायवेवर उतरले आणि उन्हात, कोंडीत शंभराच्या वर माणसं गेली. समुद्रकाठच्या गॅल्व्हेस्टनकडच्या पट्ट्याला पिनकोडनुसार झोन दिलेले आहेत. त्या झोनला आदेश निघाला तर निघायचंच, वाद घालायचा नाही. बाकीच्यांनी भक्कम जागी थांबावं. रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालायची नाही. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते, आणि इथले अंडरपास तर विहिरीच होतात.

पासपोर्ट, आय-ट्वेंटी (विद्यापीठाचं प्रवेशपत्र), आय-नाइंटीफोर (अमेरिकेत आल्याची नोंद) झिपच्या पिशवीत आणि फोटो क्लाउडवर. पत्ता बदलला तर दहा दिवसांत विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला कळवायचा. एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) विद्यार्थ्यांना फेमाची, म्हणजे सरकारी आपत्ती-मदत खात्याची, रोख मदत मिळत नाही. निवारा, जेवण, पाणी मात्र सगळ्यांना असतं, तेव्हा शेल्टरमध्ये जायला तिने कचरू नये.

आणि तुमच्यासाठी. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं मुख्य बुलेटिन ह्यूस्टनच्या घड्याळाने पहाटे आणि दुपारी चारला, सकाळी आणि रात्री दहाला येतं. म्हणजे उन्हाळी वेळ चालू असताना आपल्याकडे अडीच आणि साडेआठ. सकाळी-संध्याकाळी साडेआठचं वाचा, न्यूज चॅनेल बंद ठेवा. नकाशावरचा पांढरा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही, केंद्र कुठे जाऊ शकेल ते दाखवतो. त्यामुळे ह्यूस्टन शंकूबाहेर असलं तरी पाऊस येऊ शकतो. वादळाच्या दिवशी तिला फोन करत बसू नका, बॅटरी जाते. दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या मावस-चुलत भावाला मधला माणूस ठरवा. तिने त्याला दिवसातून दोनदा मेसेज टाकायचा आणि त्याने तो तुम्हाला कळवायचा. कॉल लागत नाही तेव्हाही साधा एसएमएस बऱ्याचदा जातो.