डोंगर-लेण्यांची हिवाळी सफर : मुक्काम कोठे करावा?

प्रश्न : डिसेंबरच्या अखेरीस चार दिवस मोटारीने जुन्नर, नाणेघाट, हरिश्चंद्रगड आणि भंडारदरा असा प्रवास करण्याचा आमचा विचार आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले वडील आणि शाळकरी वयाची दोन मुले असतील. मुलांना वेगळा अनुभव मिळावा म्हणून शक्य तेथे लेण्यांत, एरवी तंबूत झोपावे असे वाटते. हे योग्य ठरेल का? कडाक्याची थंडी असल्यास तंबूत शेगडी ठेवता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मार्ग आपण उत्तम निवडला आहे, मात्र लेणी दिवसा पाहावीत आणि रात्र गावाजवळ काढावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. जुन्नर परिसरातील प्रमुख लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. अशा ठिकाणी मुक्काम करण्यास आणि स्वयंपाक करण्यास मनाई आहे, आणि ती रास्तच आहे, कारण दोन हजार वर्षे टिकलेल्या दगडावर धुराची काजळी एकदा बसली की ती सहजासहजी निघत नाही. दुसरे कारण आग्या मोहोळांचे. लेण्याद्री आणि शिवनेरी येथे कातळाला लागलेली मोहोळे धुराने किंवा तीव्र वासाने उठतात आणि पर्यटकांवर हल्ला झाल्याच्या घटना तेथे घडलेल्या आहेत; म्हणून त्या दिवशी कोणीही अत्तर लावू नये.

लेण्याद्रीसाठी हिवाळा खरोखर चांगला आहे. लेणी दक्षिणाभिमुख असल्याने या दिवसांत दक्षिणेकडे कललेल्या सूर्याचे ऊन आतवर येते आणि गिरिजात्मज गणपती ज्या सातव्या लेण्यात आहे, ते भव्य दालन, ज्यात मधोमध एकही खांब नाही, नीट पाहता येते. पायऱ्या सुमारे तीनशे आहेत. वडिलांना त्या झेपणार नसतील, तर पायथ्याशी डोलीची सोय असते. त्यानंतर घाटघरमार्गे नाणेघाटाला जावे. सातवाहनकाळात कोकणातील बंदरांकडून जुन्नरकडे येणारा व्यापार या वाटेने होत असे. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे आणि जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची नोंद असून आकडेही कोरलेले आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांची केवळ पावले उरली आहेत. हे मुलांना अवश्य दाखवावे आणि घाईने तेथून निघू नये.

पहिल्या रात्रीचा तंबू घाटमाथ्याच्या उघड्या कड्यावर ठोकू नका, कारण तेथे वाऱ्याला अडसर नाही. घाटघरात किंवा जुन्नरच्या बाजूच्या एखाद्या गावात घरमालकाची परवानगी घेऊन अंगणात राहावे. या तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे (माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र त्यामुळेच उभे राहिले) आणि हिवाळ्यात ऊसतोड सुरू असल्याने फडांतील बिबटे जागा बदलत असतात. उसाला लागून तंबू ठोकू नये आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडू नये.

शेगडीविषयी कोणतीही तडजोड नको. कोळशाची असो वा गॅसची, बंद तंबूत किंवा काचा लावलेल्या मोटारीत ती पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतील माणसाला तो जाणवतही नाही. ऊब हवी असेल, तर जमिनीकडून लागणारी थंडी आधी अडवावी, कारण अंगाखाली जाड गादी किंवा फोमची चटई नसेल, तर वरून कितीही रजया घेतल्या तरी उपयोग होत नाही. झोपण्यापूर्वी दिवसभराचे घामट कपडे बदलावेत आणि तंबूच्या वरच्या झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे श्वासाचे दव कापडाला धरत नाही. निरभ्र रात्री थंड हवा खोलगट जागी उतरते. म्हणून भंडारदऱ्याला अगदी पाण्याकाठी राहण्यापेक्षा थोड्या उंचावरील जागा अधिक सुसह्य असते.

हरिश्चंद्रगडासाठी ओतूर-कोतूळमार्गे पाचनईला यावे. मुलांसाठी हीच वाट सोपी. गड अभयारण्यात आहे, त्यामुळे मुक्कामाबाबत सध्याचे नियम वनखात्याकडे आधी विचारून घ्यावेत आणि कोठेही शेकोटी पेटवू नये. सकाळी लवकर चढून, मंदिर, केदारेश्वराचे गुहेतील पाण्यात उभे असलेले शिवलिंग आणि कोकणकडा पाहून उजेडी खाली उतरता येते. केदारेश्वराचे पाणी हिवाळ्यात बर्फासारखे गार असते. मुलांना त्यात उतरवू नये. वडिलांनी तो दिवस पाचनईत थांबावे हे बरे. त्यांच्यासाठी भंडारदऱ्याच्या मुक्कामात रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर राखून ठेवा. तेथे गाडी गावापर्यंत जाते आणि डोंगर चढावा लागत नाही.